लोहडीतली बोंब

नोएडात नवी होते तेव्हा मी अतिशहाणी पंजाब्यांच्या लोहडीलाच होळी समजले. जानेवारीत सोसायटीत शेकोटी पेटली आणि मी आपल्या रिवाजाने तोंडावर हात मारत दणदणीत बोंब ठोकली.

वरच्या मजल्यावरच्या सरदारणीच्या नातवाची ती पहिली लोहडी. गाणी थांबली, बाळ दचकून रडू लागलं, सून माझ्याकडे अपशकुन झाल्यासारखी बघत राहिली.

ही सरदारीण कधी बेल वाजवत नाही, जिन्यातूनच "खा के बता जी!" ओरडत वाटी पुढे करते. त्या दिवशी तिने तोंडातले शेंगदाणे सावकाश संपवले, हात तोंडावर नेला आणि माझ्याहून मोठी बोंब मारली. मग सगळ्यांनीच मारली. बाळ हसलं. तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली.

"अब बता जी, ये करते किसलिए हैं?"