आईच्या डोळ्यातलं लेझरचं छिद्र

“दाब खूप वाढलाय, मावशी. ऑपरेशन करावं लागेल,” भोरच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आईला म्हणाले. ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू. आईचा डावा डोळा त्यात आधीच गेलेला. आता ते उजव्याबद्दल बोलत होते.

मी गोंधळले. पुण्यात याच डोळ्याला लेझर झालं होतं. मग आता ऑपरेशन कशाला? आणि लेझर झालेल्या डोळ्यावर ते टिकतं का? विचारणार, तेवढ्यात आईने चिमटा काढला.

आमच्या गावाहून, मार्गासनीहून, येताना एसटीत तिने बजावलं होतं, “लेझरचं बोलू नगंस. दुसऱ्याकडं जाऊन आलो म्हटलं की डाक्टर हात लावत न्हाईत.” नव्या डॉक्टरकडे जाताना जुन्याची फाइल घरी ठेवायची, ही आमच्याकडची पद्धत. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, म्हणून मीही गप्प बसले.

डॉक्टरांनी आईची हनुवटी मशीनवर टेकवली. “बुबुळाच्या पडद्यात लेझरचं छिद्र दिसतंय. कधी केलं?”

“तुमाला दिसलंच की. मग मला कशाला इचारताय?”

डॉक्टर हसले. मला हसू येईना. मी सगळं सांगून टाकलं. ‘लेझर म्हंजे झालंच की ऑपरेशन’ म्हणत आईने नंतर डोळ्यात घालायचे ड्रॉप बंद केले, तेही.

त्या लेझरला इरिडोटॉमी म्हणतात. डोळ्यातलं पाणी निचऱ्याच्या जागेपर्यंत पोचावं म्हणून पाडलेलं बारीक छिद्र. आईचं छिद्र उघडं होतं, पण निचऱ्याची जागाच चिकटली होती. म्हणून आता ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे पाण्याला बाहेर जायला नवी वाट.

“लेझरमुळे हे ऑपरेशन बिघडत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण लेझरनंतर काय झालं, त्यावर पुढचं ठरतं. छिद्र मला दिसलं. बंद केलेले ड्रॉप दिसले नसते.”

“ड्रॉप चालू असते तर?”

“कदाचित टळलं असतं. कदाचित नाही.”

या उत्तराचं काय करायचं, मला अजून कळत नाही.

ऑपरेशननंतर दाब उतरला. आई मात्र रुसली. “पयल्यापेक्षा कायबी जादा दिसत न्हाई की!”

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते, हे मी तिला समजावलं.

“मग हाय तेवढ्यावर भागवायचं, म्हन की.”

तुमच्या घरी असं ऑपरेशन ठरलं, तर आधीचं लेझर लपवू नका. सोडलेल्या औषधांचंही सांगा.

काल आईने उजव्या डोळ्याने तांदूळ निवडले. एक खडा माझ्या दाताखाली आला. मी तो गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला आणि अजून भात मागितला.