तुळशीराममामानं वाटलेली घरं

तुळशीराममामा भाजी घ्यायला कधी खाली उतरला नाही. आमची वस्ती अरुणावतीच्या दरडीवर, अगदी काठाला. आणि दिग्रसच्या बाजाराची वाट खालून, नदीच्या कडेनं. भाजीवाली त्या वाटेनं निघाली की मामा वरून दोरीला बांधलेली टोपली सोडायचा. वांगी पडली की सावकाश ओढायचा, आणि वस्ती हातातलं काम टाकून बघायची. आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, कपाळाला हात लावायची.

"दादा, चार पावलं उतरला तं पाय झिजते काय?"

"इटलीत असंच घेतात. तिथली म्हातारी उतरते का?"

लढाईच्या काळात मामा फौजेचा माल नेणाऱ्या बोटीवर होता, आणि इटलीतलं एक गाव त्याच्या डोक्यात मुक्कामाला आलं ते गेलंच नाही. समुद्रातून सरळ वर आलेला कडा आणि त्याला म्हशीला गोचीड चिकटावी तशी चिकटलेली घरं. उपमा त्याचीच. पिवळी घरं, गुलाबी घरं, पायऱ्याच पायऱ्या, पपईएवढी लिंबं. गावाचं नाव विचारलं की म्हणायचा, "नाव घेऊन का करतं? येस्टी जाते का तिथं?"

छप्पन साली आमची वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. घरोघरचे देव्हारे गेले, गावाची जुनी कामं सुटली. मामा म्हणाला, "धर्म नवा घेतला, आता घरंही नवी घ्या." आणि त्यानं त्या कड्यावरच्या गावातली घरं वाटायला काढली. दिवस मावळताना माणसाला काठावर उभं करायचा आणि नदीपलीकडे बोट दाखवायचा. ज्याचा बैल मेला त्याला समुद्राकडची खिडकी. भांडखोर सोनाकाकूला चर्चच्या घंटेखालचं घर, म्हणजे तिचं कोणाला ऐकू जायला नको. रागावला की जप्ती. "तुह्यं घर गेलं. आता कोंबड्याइच्या खोलीत राह्य."

मला सगळ्यात वरचं पिवळं घर मिळालं. इतकं वर कायले, म्हणून मी कुरकुरले.

"चढ असला की चोर येत नाही अन् सोयरे येत नाही. अन् बाई, पायऱ्या दम काढतात, पण तुम्ही कोणाचे म्हणून पुसत नाही."

मी वस्तीतली सगळ्यात हुशार पोरगी होते. निदान माझं मत तसं होतं. या हुशार पोरीनं चुलतबहीण 'पिवळं माझं' म्हणाली म्हणून तिची वेणी ओढली. ते घर मी रोज मनातल्या मनात झाडायची. खरं अंगण आई झाडायची.

सतरावं लागलं. मास्तरकीच्या ट्रेनिंगला यवतमाळला माझा नंबर लागला, आणि त्याच आठवड्यात पुसदचं स्थळ आलं. बाबांनी सांगून टाकलं, जमलं तर ट्रेनिंग बंद. मी दिवसभर रडले; अधूनमधून आरशात बघत होते, रडताना कशी दिसते म्हणून. मामा जवळ येऊन बसला.

"रडू नको. उद्या पाहुणे घराचं पुसतील तं खोटं बोलू नको. सगळं खरं खरं सांगजो."

दुसऱ्या दिवशी पाहुणे बसले. मुलाच्या वडिलांनी शिवण-टिपण विचारलं, स्वयंपाक विचारला. मामा कोपऱ्यातून गरिबासारखा म्हणाला, "तिच्या घराचं पुसा ना."

"कोणतं घर?"

"पिवळं," मी म्हटलं. "समुद्रावर आहे. इटलीत. गच्चीत लिंबाचं झाड आहे, टोपली सोडायला दोरी आहे."

"असं का. चावी कोणाजवळ राह्यते?"

"कुलूप नाही लावत. लय चढ आहे. सोयरे येतच नाही."

मुलाच्या आईनं मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. वडिलांनी अर्धा चहा खाली ठेवला आणि बाबांना अगदी हळू आवाजात विचारलं, "पुसदची गाडी कितीले आहे?"

ते गेल्यावर मला वाटलं, काय सुंदर उत्तरं दिली आपण. बाबा पोळ्यापर्यंत मामाशी बोलले नाहीत. मी मात्र यवतमाळला गेले.

पहिली नोकरी लागून घरी आले तेव्हा मामानं अंथरूण धरलं होतं. दोरी खुंटीला, टोपलीत कोंबडी अंड्यावर बसलेली. बोलता बोलता लक्षात आलं, यानं सगळ्यांना घरं दिली, स्वतःचं कधी दाखवलं नाही.

"मामा, तुह्यं घर कोणतं?"

"माह्यं कुठलं? मी तं बोटीवर होतो. बोट गावाखाली उभी होती, अन् आम्हाले उतराची परवानगी नव्हती. वरून एक म्हातारी टोपली सोडे. आम्ही साबण टाकला की ती लिंबं देये. मान दुखेपर्यंत वर पाह्यलं, तेवढंच."

"म्हणजे तू त्या गावात गेलाच नाही?"

चुलीपुढून आई म्हणाली, "साऱ्या वस्तीले माहीत आहे. मास्तरीणबाईलेच माहीत नव्हतं."

मी म्हटलं, "माझं पिवळं घर घे."

"इतकं वर? माह्ये गुडघे पाह्य."

"चढू नको. टोपलीत बस, मी वरून ओढते."

मामा इतका हसला की आईनं धावत येऊन पाणी पाजलं. "हळू ओढजो," म्हणाला, "लोकायनं पाह्यलं पाह्यजे."

त्याच थंडीत तो गेला.

घरांचं वाटप तेव्हापासून माझ्याकडे आहे. परवा नातीनं मोबाइलवर तसल्या एका गावाचे फोटो दाखवले. "आजी, यातलं तुझ्या मामाचं कोणतं?" निम्मी घरं पिवळी. मी चष्मा पुसला आणि सगळ्यात वरच्या घरावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "कशावरून?"

तिला मी कोंबड्यांची खोली दिली आहे.