शीरखुर्म्यातला दाणा

मेहजबीनविषयी मला खरं तर फार थोडं माहीत आहे. भिंतीला भिंत लागून घर, तिच्या जन्मापासूनची ओळख, तरी हेच लिहावं लागतंय. तिला काय आवडायचं त्यातली एक गोष्ट मला ठाऊक होती. बाकीचं तिच्या आईला ठाऊक, आणि त्यातलंही बरंचसं अंदाजानंच. मला लिहायची सवय नाही. सगळी नोकरी भवानीनगरला साखर कारखान्यात पॅनवर गेली. कुठं चुकलो तर चुकलो.

पॅन म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा धरायचं मोठं बंद भांडं. आत काय चाललंय ते नीट दिसत नाही. म्हणून मधूनमधून थेंबभर माल काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि उजेडाला धरायचा. निवृत्तीनंतर अशी एक पट्टी माझ्याकडं राहिली होती. तिचा उपयोग काहीच नव्हता. ओट्यावर बसून उगीच पुसत बसायचो.

मेहजबीनचे वडील सिकंदर टेलर. ते गेल्यावर ती आणि तिची आई करिमाभाभी दोघीच राहायच्या. शाळा तिची लवकर सुटली. पुढं पुण्याच्या डॉक्टरांनी स्वमग्नता असा शब्द सांगितला. करिमाभाभी मला म्हणाल्या, "तात्या, डॉक्टर म्हंत्यात हा आजार न्हाय. घडणच तशी हाय." मी मान हलवली. समजलं म्हणून नाही, दुसरं काय करावं ते सुचलं नाही म्हणून. मला एवढंच दिसायचं की ती तोंडाकडं बघत नाही, हातांकडं बघते. अंगाला कुणी हात लावलेला तिला चालत नाही. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधीच तिचे हात कानांवर जायचे. हंगाम संपून भोंगा बंद झाला तरी त्या वेळेला जायचेच.

ती पंचविशीत असेल तेव्हाची गोष्ट. एक दिवस ओट्यापाशी आली, न विचारता माझ्या हातातली पट्टी घेतली. घरातून चिमूटभर साखर आणून तिच्यावर टाकली आणि उन्हाला धरली.

"तात्या, साखरेला कोपरे हायत."

"असत्यात की."

"कुणी कापले?"

"कुणी न्हाय कापत, पोरी. आपोआप येत्यात."

"आपोआप म्हंजे कोण?"

जन्मभर मी दाणा धरला. तो बारीक का, मोठा का, हे साहेबांनी रोज विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं.

मग मी तिला दोऱ्यावर खडीसाखर वाढवायला शिकवलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत घट्ट पाक, वर आडवी काडी, काडीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला एक दाणा. मुंग्यांसाठी खाली पाण्याची ताटली. बरणी ठेवली त्यांच्या मोरीजवळच्या खिडकीत. "आता हिला धक्का लावायचा न्हाय," मी म्हणालो. ते तिनं इतकं मनावर घेतलं की रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली की धावत जाऊन खिडकीच्या चौकटीला हात टेकवायची, जणू घर धरून ठेवायची.

दाणा वाढला. आधी तुरीच्या डाळीएवढा, मग शेंगदाण्याएवढा. पाक कमी झाला की मी सांगेन तसा ती नवा करून घालायची. रमजान लागला तेव्हा तो चिंचोक्यापेक्षा मोठा होता. तिला त्यातून एकच गोष्ट हवी होती.

"अजून वाढला की यातून कारखान्याची चिमणी दिसंल. सगळी. वरपतूर."

"तशी दिसती की डोळ्यांनी."

"तशी न्हाय," ती म्हणाली.

ईदला तिचा भाऊ अबरार आणि वहिनी शाहीन बारामतीजवळच्या जळोचीहून आले. अबरारचं बारामतीत स्पेअर पार्टचं दुकान आहे. घर माणसांनी भरलं तसं मेहजबीन नेहमीप्रमाणं गच्चीवर जाऊन बसली. खाली शाहीनचा शीरखुर्मा होत आला आणि गोडी कमी पडली. साखरेचा डबा रिकामा, दारात पाहुणे. शाहीनला खिडकीत झाकलेली बरणी दिसली. तिच्या माहेरी ईदच्या आधीच पाक करून ठेवत, मुंग्या लागू नयेत म्हणून असाच पाण्याच्या ताटलीत. तिनं दोरा काढून टाकला आणि पाक, खडीसाखर, सगळं पातेल्यात घातलं. वाईट मनानं नाही.

नेहमीसारखी पहिली वाटी आमच्या घरी आली. मी खाल्ला. चांगला झाला होता.

थोड्या वेळानं मेहजबीन दारात.

"तात्या, वाटी द्या."

"धुवून देतो की."

"धुवू नका. त्यात माझा दाणा हाय."

मागं शाहीन डोळे पुसत उभी. "अल्ला कसम तात्या, मला वाटलं अम्मीनं ईदसाठीच ठेवलाय."

वाटी रिकामी होती. मेहजबीननं ती उजेडाला धरली.

"तुमी खाल्ली. आता ती साखर कुठं हाय?"

"पोटात. मग रक्तात जाती."

"मग?"

"मग ताकद येती अंगात."

"मग ती ताकद कुठं जाती?"

मी म्हणालो, दुकानापर्यंत चालत जाऊन आलो. तिनं रस्त्याकडं पाहिलं, दुकानापर्यंत, आणि परत.

मग पातेलं घेऊन ती घरोघर निघाली, दिलेला शीरखुर्मा परत मागायला. साखर विरघळली तरी संपत नाही, आटवलं की परत येते, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. समोरचे आप्पासाहेब ओरडले, "आगं, सणाचं दिलेलं माघारी मागत्यात व्हय? का पोट फाडून देऊ?" माणसं हसली. तिनं आप्पासाहेबांच्या पोटाकडं पाहिलं, खरोखर विचार केला आणि म्हणाली, "नगं. त्यातनं आता न्हाय मिळायचा." काहींनी उरलेला दिला, काहींनी दार लावलं. करिमाभाभी मागून प्रत्येक घराची माफी मागत होत्या.

अर्धं पातेलं भरलं. ते माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "तुमी कारखान्यात काढता तसा काढा."

रस वेगळा आणि दूध वेगळं. रसातली घाण चुन्यानं खाली बसते. यात दूध, तूप, शेवया, खारका. हे मी सांगत होतो आणि ती माझ्या हातांकडं बघत होती, आता ते काहीतरी करतील म्हणून.

"म्हंजे न्हाय व्हनार?"

"अवघड हाय, पोरी."

अवघड म्हणजे नाही, हे आपल्याला कळतं. तिला कळत नाही. तिच्यासाठी अवघड म्हणजे अवघड. दुसऱ्या दिवशी आई नमाजाला बसलेली असताना तिनं ते पातेलं गॅसवर आटवायला ठेवलं. दूध करपलं, शेजारच्या फडक्यानं पेट घेतला. फडकं ओढताना करिमाभाभींचा हात कोपरापर्यंत भाजला. मेहजबीन कानांवर हात ठेवून कोपऱ्यात उभी होती, पण डोळे पातेल्यावर होते.

अबरार संध्याकाळी माझ्याकडं आला. "दोघींना जळोचीला न्यायचं ठरवलंय, तात्या. आज हात भाजला, उद्या घर जायचं."

"आमी हाय की शेजारी."

"तुमी किती दिस हाय?" तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. पण खोटं काय बोलला?

मी नवी बरणी लावून दिली. तिनं पाहिली. "हा दुसरा हाय," म्हणाली आणि पुन्हा तिकडं वळली नाही.

आता त्या दोघी जळोचीत अबरारकडं तिसऱ्या मजल्यावर राहतात. करिमाभाभींचा फोन येतो. हात बरा आहे. मेहजबीन खिडकीत बसते, पण खिडकीत काही ठेवत नाही. जेवण कमी झालंय. फोनवर ती बोलत नाही, आधीही बोलायची नाही. माझे गुडघे मला एसटीत चढू देत नाहीत. कुणी नेलं तरी जाऊन मी काय बोलणार, तेही समजत नाही.

त्या इथून निघाल्या त्या सकाळी टेम्पो भरत होते. ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मी काचेच्या ग्लासात कोरा चहा घेऊन बसलो होतो. साखर वरून टाकली की खाली जाताना चहात बारीक रेघा हलतात, त्या तिला बघायच्या असत.

"साखर टाकली?"

"आत्ताच."

"चमचा फिरवला?"

"न्हाय."

"फिरवू नका."

"बरं," मी म्हणालो.