अक्काला हवी होती ती कॉलनी

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आताशा मला ऐकू जरा कमी येतं, त्यामुळे पलीकडच्या माणसालाच मी आधी दटावलं, "अरे, तोंडातल्या तोंडात काय बोलतोस? मोठ्यानं बोल की!" अक्काचा प्रकाश होता तो. बिचाऱ्याला आपली आई गेल्याचं मला तीनदा ओरडून सांगावं लागलं… त्याच्या सगळ्या सोसायटीनं ऐकलं असणार. फोन ठेवला आणि उरलेली मेथी तशीच निवडत बसले. महिना होऊन गेला त्याला. अक्का मोठ्यानंच बोलायची. तिचं जाणंही मला ओरडूनच कळावं, यावर ती किती हसली असती, हेच तेव्हा डोक्यात आलं.

ऐंशीच्या सुमारास आम्ही फैजपूरहून जळगावला आलो. हे एका दालमिलमध्ये लागले होते आणि मिलच्या मागं, रेल्वेलाइनच्या पलीकडं कामगारांच्या खोल्यांची लांबच लांब ओळ होती. भिंतीला भिंत, नळ एक, आणि वर सगळ्यांना मिळून एक सलग गच्ची. आमच्या एका बाजूला अक्का, शिंदखेड्याकडची, बोलणं चोवीस तास अहिराणी. दुसऱ्या बाजूला गेंदाभाभी, तिचे मालक मिलचे मुनीम. समोर हसीनाबी, तिच्या नवऱ्याची केळ्यांची गाडी. पुढं नंदुरबारकडचे हमाल, मागं भुसावळहून बदलून आलेले रेल्वेवाले. सकाळी नळावर उभं राहिलं की एका बादलीच्या वेळात चार भाषांतल्या शिव्या फुकट शिकता येत. मी मात्र स्वतःला फार शहाणी समजत होते. मॅट्रिक झालेली ना! माहेरची बोली गिळून पुस्तकातल्यासारखं बोलायची. "आपण जरा सरकता का?" असं मी पहिल्या दिवशी नळावर म्हटलं, तर अक्कानं कमरेवर हात ठेवून मला खालीवर पाहिलं. "व माय! हाई तं रेडिओ शे!" पुढं कितीतरी दिवस सगळी ओळ मला रेडिओच म्हणत होती.

पहिल्याच उन्हाळ्यात मी अक्कल पाजळली. गच्चीवर सगळ्यांचं वाळवण पडायचं. माझे ज्वारीचे बिबडे, अक्काचे नागलीचे पापड, भाभीची मुगाची मुंगोडी, हसीनाबीच्या शेवया. आपलं दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मी पहाटे उठून आमच्या वाट्याभोवती गेरूची रेघ ओढली, वर चारी कोपऱ्यांना विटा. दुपारी अशी वावटळ उठली की रेघ जागेवर आणि बिबडे भाभीच्या मुंगोडीत! मी रडवेली होऊन एकेक उचलत होते, "हा माझा, हाही माझा…" अक्का म्हणाली, "बिबडास्ना कपायवर तुनं नाव लिखेल शे का व? बठ्ठं एकच टोपलामा भरा. कोनं काय शे ते शोधू नका." तसंच सगळं एका टोपल्यात भरलं आणि घरोघर वाटून टाकलं. मी दोन दिवस फुगून बसले. पण पुढल्या वर्षीपासून वावटळीची वाट न बघताच आम्ही सगळं एकत्र करून वाटायला लागलो. माझी मुलं शेवयांवर वाढली आणि हसीनाबीची बिबड्यांवर.

नव्वदनंतर मिल बंद पडणार अशी कुणकुण लागली. खोल्या रिकाम्या कराव्या लागणार होत्या. अक्कानं तेव्हा एकच ध्यास घेतला, सगळ्या ओळीनं एकाच ठिकाणी प्लॉट घ्यायचे आणि भिंतीला भिंत लावूनच बांधायचं. डोक्यावर पदर घेऊन दारोदार फिरली ती. तिचा नवरा वारून दोन वर्षं झाली होती. प्रकाश धुळ्याला नोकरीला होता, तो आईला तिकडं बोलावत होता. ओळ टिकली तरच तिला जळगावात राहता येणार होतं. भाभी डोळे पुसत म्हणाली, "अक्का, छोरी का ब्याह करना है. लोग पहले कॉलनी पूछते हैं." हसीनाबी म्हणाली, "भाई बोलता, अपनेवालों में घर लो, रात-बेरात काम आते. मैं बोली, आजतक तो अक्काच काम आई…" पण भावानं जागा पाहून ठेवली होती. आणि आमच्या ह्यांनीही आपल्या लोकांच्या सोसायटीत नाव घालून टाकलेलं. मी ह्यांच्याशी भांडले, जेवणही सोडलं, पण खोटं कशाला सांगू, स्वतःची गच्ची मिळणार म्हणून पोटातून सुखावलेही होते. कोणी कोणाला हाकललं नाही, कोणाचं कोणाशी वाकडं नव्हतं. मिलच्या चाळण्यांतून डाळ निघते ना, मोठी इकडं, बारीक तिकडं, चुणी आणखी कुठं, तशी आमची माणसं आपोआप वेगळी होत गेली.

अक्का धुळ्याला गेली, तिच्याच भाषेच्या, तिच्याच नात्यागोत्याच्या कॉलनीत. एकदा भेटायला गेले तर विचारलं, "आता बरं वाटतं ना, आपल्या माणसांत?" तिनं आवाज खाली आणला. अक्कानं आवाज खाली आणलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "आठे बठ्ठा मनासारखंच, अहिराणीच बोलतस व. भांडानी मजाच नही."

तिच्या दहाव्याला गेले तेव्हा फाटकापाशी एका गाडीतून भाभी उतरली, काठी टेकत. मागून हसीनाबी, नातवाचा हात धरून. तिघी जळगावातच राहतो, आणि इतक्या वर्षांत एकमेकींच्या घरी… जाऊ दे. अक्काच्या खोलीत बसलो. आधी रडलो. मग कशावरून तरी नळाचा विषय निघाला आणि कोणाची बादली कोण सरकवायचं यावरून सुतकाच्या घरात आमचं असं जुंपलं की प्रकाशची बायको धावत आली. एका खोलीत आमची सगळी ओळ बसली होती, आणि हे जिला हवं होतं तिचा फोटो भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

निघताना अक्काची सून म्हणाली, "आई दुपारचं दार लावूच द्यायच्या नाहीत. पडद्याची गाठ मारून उंबऱ्याशी बसायच्या. शेजारी हसायचे, या कॉलनीत न विचारता कोण येतंय म्हणून."

घरी आल्यापासून मीही जेवणं झाली की दार सताड उघडं टाकून बसते. कुत्रं येऊन जातं, साबण विकणारा येतो. आमची सून कावते. "आई, दार लावा हो, चोर शिरेल कोणी."

मी म्हणते, "शिरू दे बाई. कोणीतरी येऊ दे."