साध्या पाण्याचा पेला

दौलत गेल्याचा निरोप घेऊन त्याचा मेहुणा सायकलवरून आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत पेले धूत होतो. ऐकलं, आणि हातातला पेला तसाच घासत राहिलो... दीड महिना झाला त्याला.

आमच्या महाविद्यालयात मी शिकवणारा आणि दौलत प्रयोगशाळेतला मदतनीस. पण भुईनिंबाच्या कामात गुरू तोच. सक्करदऱ्यात त्याची आई कावीळ झालेल्यांना भुईनिंबाचा काढा द्यायची. "मायच्या काढ्यात नेमकं काय हाये, थे दाखवून देऊ गा एक दिवस," हे त्याचं पालुपद. दोन वर्षं खपून आम्ही त्या पाल्यातून पांढरे खडे वेगळे काढले. काय ते कडू! जिभेला लागले की दुपारचा डबा वाया. त्यांचा कस जिभेवरच लागायचा. चिमूटभर खडे पाण्यात विरघळवायचे, पेल्यामागून पेल्यात पातळ करत न्यायचे आणि कडूपणा कुठे संपतो ते चाखून सांगायचं. माझी जीभ सहाव्या पेल्याशीच हार मानायची, दौलतची नवव्यापर्यंत जायची. शेवटचा पेला नुसत्या पाण्याचा, पडताळ्यासाठी.

या उन्हाळ्यात तो पेला चाखून दौलत म्हणाला, "हे बी कडू लागून राह्यलं गा."

मी भडकलो. "पेले बरोबर धुतले नाही काय? साऱ्या कामाची माती करून राह्यला तू!"

बिचाऱ्याने पेले पुन्हा धुतले. दुसऱ्या दिवशीही पाणी कडू. पुन्हा माझा आरडाओरडा, पुन्हा त्याचं धुणं. दहा दिवस आम्ही दोघे शहाणे काचेत दोष शोधत होतो. काविळीत तोंड कडू पडतं, हे त्याची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची... आणि काविळीवरचं औषध शोधायला बसलेल्या आम्हाला ते सुचू नये? अंगणातल्या उन्हात दौलतचे पिवळे डोळे त्याच्या बायकोने पाहिले, तोवर यकृत पार निकामी झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात त्याने विचारलं, "आपले खडे आणतं का गा?"

"उंदरायले बी नाही देले आपण अजून. तुले कसे देऊ?"

"बरोबर हाये," म्हणाला आणि भिंतीकडे वळला. माझं बरोबर होतं का, मला आजही कळत नाही. खड्यांची बाटली कपाटात आहे. त्यांनी कावीळ हटते की नाही, हे आता कुणासाठी दाखवून द्यायचं? काम सोडलं मी.

पेले मात्र रोज धुतो. एकात नळाचं पाणी घेतो, जिभेवर धरतो, वाट पाहतो. साधं लागतं. रोज साधंच लागतं... पेले स्वच्छ होते रे, दौलत.