सुनेच्या व्हिसावर

कांदा-लसूण चटणीसाठी मिरच्या भाजायला घेतल्या, की त्या ठसक्यात मला एक फोन आठवतो. मुलगा आणि सून परदेशात शिकत होते. शिक्षण संपल्यावर मुलाने व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मी चुलीपुढून उठून खोकत, पदराने डोळे पुसत, फौजेतून पेन्शनीवर आलेल्या मालकांच्या मागे उभी राहिले. मुलगा म्हणाला, "हिला नोकरी लागलीय. कंपनी हिचा जास्त वर्षांचा व्हिसा करतेय, हिचा नवरा म्हणून मलाही त्यावर राहता येईल. माझा वेगळा काढला, तर शिक्षणानंतरचा मिळतो, तो दोनच वर्षांचा. तेवढ्यात नोकरी नाही मिळाली, तर मला एकट्यालाच परत यावं लागेल." मालक कडाडले, "बायकोच्या नावावर ऱ्हाणार? गावात तोंड कसं दावू मी?" मालकांपुढे मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "आवं, तुमच्या बदलीवर मी जम्मूला आले, तुमच्या नावावरच्या क्वार्टरात ऱ्हायले. माझं काय कमी झालं? मग त्याचंच काय झिजतंय?" मालक माझ्याकडे बघतच राहिले. मग फोनकडे वळून म्हणाले, "ऐकलास न्हवं सायबांचा हुकूम? ऱ्हा तिच्याच व्हिसावर." तिकडे दोघं हसायला लागली. आता साताऱ्यात मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत कुणी विचारलं, की मालकच मोठ्यानं सांगतात, "सून तिथं इंजिनेर हाय, पोरगं तिच्या व्हिसावर हाय." मी मागे पिशवी धरून उभी असते. पण रांगेतल्या बायका वळून बघतात, तेव्हा मीही त्यांच्याकडे सरळ बघते.