पवनचक्कीचा एकच फोटो

नारायणकाका टेकाडे यांनी काढलेल्या फोटोत देवीचे व्रण असलेला माणूस एकही सापडणार नाही. आदिलाबादेत तेव्हा व्रण नसलेला चेहरा शोधावा लागे. पण काकांच्या दुकानातून निघालेला प्रत्येक नवरदेव गुळगुळीत. फोटो काढून झाला की काका धुतलेली फिल्म खिडकीच्या काचेला लावत आणि टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचा एकेक खळगा भरत; फिल्मवरचं काळं कागदावर पांढरं उमटे. कुणाला सांगावं लागत नसे. म्हणत, "फोटू काढनं अर्धं काम, बावा. मानूस त पेन्सिलीनं होते." मी हसायचो. मी चळवळीची बंदी घातलेली पत्रकं वाटत फिरणारा. मला सगळ्या गोष्टींचा निकाल एका वाक्यात लावायची सवय.

गुडीहत्नूरच्या अलीकडे एका खेड्यात जुनी पवनचक्की होती. लाकडी मनोरा, लोखंडी पाती, खाली विहीर. वारा सुटला की पाणी आपसूक हौदात पडे. दोन पिढ्यांपूर्वी गावातल्या रयतेनं मिळून ती उभारली, असं पायथ्याच्या दगडावर नावांसकट कोरलेलं होतं. आता जागीरदार म्हणू लागला, विहीर माझी, चक्कीही माझी. ती पाडून पाणी बागेला नेणार. तहसीलदाराला जागेवर येऊन बघायची फुरसत नव्हती. आणि गावाकडे त्या दगडाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. मी म्हटलं, दगड कचेरीत नेता येत नाही, तर फोटो नेऊ.

महायुद्धामुळे फिल्म मिळेनाशी झालेली. काकांच्या कॅमेऱ्यात एकच फोटो निघेल एवढी शिल्लक होती. ती त्यांनी गावासाठी दिली. आम्ही बैलगाडीनं गेलो. पाती फिरती राहिली तर फोटो पुसट येतो, म्हणून काकांनी ती दोरानं बांधून घेतली. वारा थांबायची, सावली सरकायची वाट बघत बसले. तोवर घागरी घेऊन बाया जमल्या.

"काऊन जी फोटूवाले," गंगूबाई म्हणाली, "जागीरदाराच्या आदी तुमीच आमचं पानी बंद करून राह्यले का?"

"थांब नं माय. चक्कीले बी नीट उभं राहा लागते."

"मंग पावडर लावा तिले! नवरदेव पाहाले येऊन राह्यला!"

सगळ्या हसल्या. दगडावरची अक्षरं झिजली होती, म्हणून गंगूबाईच वाटीभर चुना घेऊन आली आणि अक्षरांत भरायला वाकली. काकांनी तिचा हात धरला. "दगडाले हात नको लावू. मंग म्हनतीन, कालच लिवलं. जे कराचं ते मी घरी करीन."

त्या शेवटच्या वाक्याकडे माझं लक्ष गेलं नाही. उलट परतताना मीच दोनदा बजावलं, "काका, अक्षरं ठळक दिसली पाहिजेत."

दिसली. चुना भरावा तशी पांढरीशुभ्र. मी फोटो कचेरीत नेऊन टेबलावर आपटलाच. जागीरदाराच्या वकिलानं शांतपणे मूळ फिल्म मागितली; सोबत आलेल्या काकांनी ती पिशवीतून काढून दिली. तहसीलदारानं ती उजेडात तिरपी धरली.

"ये तो पेन्सिल है. किसने की?"

"मी केली, साहेब," काका उठून म्हणाले. "पेन्सिल माजी हाय, पन अक्षरं दगडाचीच हायेत. चला, दाखवतो."

"जालसाजी है जी," वकील म्हणाला. कुणीही उठलं नाही. बनावट पुरावा म्हणून गावाचा अर्ज फेटाळला. चार दिवसांत चक्की पाडली आणि दगड फोडून त्याचे तुकडे बागेच्या कुंपणात घातले.

कचेरीच्या पायरीवर मी सभेत ओरडावं तसा ओरडलो, "जागीरदाराला जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

काका एवढंच म्हणाले, "मले वाटलं, चांगलं दिसन."

त्यानंतर कचेरी उघडी असेल त्या दिवशी काका अर्ज घेऊन बाहेर बसू लागले. पेन्सिलीची चूक कबूल, दगड खरा, असं त्यात शपथेवर लिहिलेलं. साक्षीदाराची सही नाही म्हणून शिपाई तो आत नेत नसे. काकांनी मला दोनदा विचारलं. दगड डोळ्यांनी पाहिलेला आणि लिहिता येणारा दुसरा माणूस होता कोण? मी म्हटलं, "तुमच्या नावाशेजारी माझं नाव नको. चळवळ बदनाम होईल."

"बरोबर हाय तुजं," ते म्हणाले. मला ते खरंच बरोबर वाटलं होतं.

गंगूबाईचं गाव पाण्याविना फुटलं. निम्मी घरं मंचेरियलला कोळशाच्या खाणींवर गेली. काका त्याच उन्हाळ्यात वारले. काकूंनी अर्ज माझ्या हातात दिला. दगडावरची सगळी नावं काकांनी आठवून, ओळीनं लिहिली होती. खाली साक्षीदाराची जागा कोरी होती.

मी तिथं सही केली. तो अर्ज घेऊन कचेरीत गेलो, तेव्हा शिपायानं विचारलं, "अर्जदार किधर है?"